जिन्यावरचा दाणा

पोह्यातले शेंगदाणे आधी वेचून ताटलीच्या कडेला ओळीनं लावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या देवासला सकाळी पोहे सगळेच खातात, पण असे नाही. शेव भुरभुरली, लिंबू पिळलं नी संपवलं. हे साहेब आधी शेंगदाणे वेगळे करणार, मग मिरच्या, मग कढीपत्ता. कडेला तीन ओळी लागल्या की मधले पोहे खायचे, नी शेवटी एकेक ओळ. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं एकदा घाबरून विचारलं, "साब, कुछ निकल आया क्या?" तर म्हणाले, "नहीं भिया, देख रहा हूँ क्या-क्या है."

काय-काय आहे ते बघणं हाच त्यांचा धंदा होता, नी वेडही तेच.

माझी शाळा चौथीत सुटली. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी नाही म्हटलं. अक्षर वाकडं येईल तर येऊ दे. ह्यातली एक गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहायची नाही.

आमचं प्रसूतिगृह टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. खाली दवाखाना, वर डॉक्टरबाईंचं घर, मध्ये जिना. रजिस्टरात माझ्या नावापुढे वॉर्डबॉय लिहिलंय. केस पांढरे झाले तरी बॉयच. पण माझं खरं काम म्हणजे जिना. बाई एकट्यानं सगळी बाळंतपणं करायच्या, वेळ-अवेळ नाही, म्हणून दुपारी दोन ते चार त्या झोपायच्या. दवाखाना काढला तेव्हाच मला म्हणाल्या होत्या, "दादा, हे दोन तास मला कोणी उठवायचं नाही. अगदीच पेटलं तर तुम्ही ठरवा." पुढे मोबाइल आले, तर दोन वाजता त्यांचा मोबाइलही माझ्या खिशात. खालच्या पायरीशी माझं स्टूल. औषध कंपन्यांचे एजंट, नगरसेवक, नातेवाईक, सगळे त्या स्टुलाशी थांबायचे. बाईंचे यजमान दुपारी घरी आले तर चपला हातात घेऊन चढायचे. अगदीच पेटलं म्हणजे किती पेटलं, ते मी ठरवत होतो. नी चाळीस वर्षांत बाईंनी मला एकदाही विचारलं नाही, की का ठरवलं. आमचे वाडवडील दरबाराच्या देवडीवर उभे राहायचे. ते रक्तातच आहे.

असा तो जिना, नी तिथे हे साहेब येऊन बसले.

ते धारचे. त्यांचे आजे-पणजे तिथल्या दरबारी दप्तरात होते, त्यामुळे बोलणंही दप्तरातलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दादासाहेब, आपली आज्ञा असेल तर ह्या बाकावर बसावं म्हणतो." मला दादासाहेब कोणी कधी म्हटलं नव्हतं. वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हटलं, बाक पेशंटांचा आहे, तुमच्यासाठी ऑफिसात खुर्ची नी पंखा आहे. म्हणाले, "पेशंटांचा आहे म्हणूनच."

कारण असं होतं. आमच्या बाई नी आसपासच्या गावांतल्या बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर एकाच कंपनीचा विमा घ्यायच्या. बाळंतपणात काही बिघडलं नी घरच्यांनी केस केली, तर भरपाईचा दावा त्या कंपनीकडे जातो. दावे फार यायला लागले, तेव्हा कंपनी म्हणाली, पुढे विमा द्यायचा की नाही ते मग बघू, आधी आमचा माणूस वर्षभर तुमच्याकडे येऊन बसेल. बाईंनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, विमा गेला तर मी बाळंतपणं बंद करणार, नुसते पेशंट तपासणार. म्हणजे इथल्या बायकांनी कळा सोसत इंदूरचा रस्ता धरायचा. नी मी काय करायचं? नुसत्या तपासणीला जिन्यावर माणूस लागत नाही.

तर कंपनीचा तो माणूस म्हणजे हे. नोकरीभर असले दावेच वाचले, नी रिटायर झाल्यावरही कंपनीनं त्यांना सोडलं नव्हतं, की त्यांनी कंपनीला, ते कळायचं नाही. मंगळवारी नी शुक्रवारी दोन बसा बदलून यायचे. एका हातात फायलींची पिशवी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. विचारलं तर म्हणायचे, खिसे ह्यालाच आहेत.

आम्हाला वाटलं, चुका पकडायला आलाय. सोनकच्छची आमची संतोष सिस्टर, तिनं तर पहिले आठ दिवस त्यांच्यासमोरून जाताना चालही बदलली होती. पण हा माणूस आमच्याकडे बघतच नव्हता. फायल काढायचा नी शेवटच्या पानापासून वाचायचा. आधी निकाल, मग वकिलांची पत्रं, मग बाळाचे कागद, मग बाळंतपण, नी सगळ्यात शेवटी पहिलं पान, जिथे बाई गेटातून आत येते. मी म्हटलं, उलटं कशाला वाचता? म्हणाले, "शेवट सगळ्यांनाच दिसला, दादासाहेब. मी उलट पावली चालतो. जिथे पाय अडखळेल तिथे उभा राहतो."

फायलीवरची नावं त्यांनी काळ्या शाईनं आधीच खोडलेली असायची. गावाचंही नाव नाही. कुठली केस, कोणता डॉक्टर, मी खोदून विचारलं, की ते उत्तर न देता चहा बशीत ओतायचे. एकदा मात्र म्हणाले, "कोणी केलं ते बघायला कोर्ट आहे. मला फक्त कुठे झालं ते सांगा."

नी मग तो डबा. त्यात लहान-लहान डब्या, नी डब्यांत धान्य. एक पितळी ताट, त्यावर लाल रंगानं घरं पाडलेली. त्यांनी आमचा दवाखाना दोन दिवस पायानं फिरून ती घरं ठरवली होती: गेट, कागद, लेबर रूम, जिना, ऑपरेशन, इंदूरचा रस्ता. एक फायल वाचून झाली की एक दाणा. आईला रक्तस्राव झाला असेल तर गहू. ऑपरेशनला उशीर झाला असेल तर चणा. सही न घेता, न समजावता काही केलं असेल तर मूग. बाळाचं डोकं बाहेर आलं नी खांदा आत अडकला असेल तर सोयाबीन. गोष्ट जिथे अडखळली असेल त्या घरात तो दाणा ठेवायचा. मी म्हटलं, हे काय पोरखेळ करता, कंपनीत कॉम्प्युटर नाही का? म्हणाले, आहे, त्यातही हेच आहे, पण कॉम्प्युटर तुमच्या सिस्टरला बाकावर बसून बघता येत नाही.

खरं होतं ते. मला फायलीतली इंग्रजी ओळ धड वाचता येत नाही, पण ताट वाचता यायला लागलं. ते आले की वाकून बघायचो. माझ्या मनात असं होतं, की गेटच्या घरात ढीग होईल, कारण लोक उशिरा येतात, गावठी उपाय करून येतात. आम्ही हेच म्हणत आलो. गेटात दाणे होते, पण थोडे. लेबर रूममध्ये होते. इंदूरच्या रस्त्यावर होते. नी पावसाळा लागेपर्यंत जो ढीग झाला, तो जिन्याच्या घरात.

मी ताडकन म्हटलं, "ह्या सगळ्या दवाखान्यांना काय जिने आहेत?"

"जिने नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "कुठे फोन आहे, कुठे लाजरी सिस्टर आहे, कुठे रागीट डॉक्टर आहे. खाली कळलं नी वर कळलं, ह्याच्या मधली जी जागा, तिला मी जिना म्हणतो."

नाव माझ्या जिन्यावरूनच घेतलं होतं ना. मला झोंबलं.

त्यांना प्रश्न एकच यायचा. "त्या आधी काय झालं?" सिस्टरला, झाडूवालीला, पेशंटच्या सासूला, सगळ्यांना तोच. तुम्ही म्हणा, आज दूध नासलं. तर, त्या आधी काय झालं? पोहेवाला म्हणायचा, "ये साब तो शादी में भी पूछेंगे, उसके पहले क्या हुआ." एकदा बाईंनाच धरलं. बाई चिडून म्हणाल्या, मला काम आहे. तर त्यांच्यामागे गेले नाहीत, पण ताटाकडे बघून पुटपुटले, त्या आधी काय झालं असेल.

ऑगस्टात बाईंनी आम्हा सगळ्यांना मांडूला नेलं. हेही आले, स्वेटर घालून. बाकीचे महाल बघतायत, फोटो काढतायत, नी हे एका पडक्या इमारतीच्या पायऱ्यांशी एका गाइडजवळ उकिडवे बसलेले. त्याला विचारतायत, इथे माणसं कुठे पडतात? गाइड म्हणाला, पडत कोणी नाही साब, पण ती चौथी पायरी आहे ना, तिथे ठेचकाळतात सगळे. ती पायरी बोटभर उंच होती. तुम्हा-आम्हाला डोळ्यानं कळायची नाही. हा माणूस तासभर तिथे बसला. कोणी ठेचकाळलं की पुडीतला एक शेंगदाणा स्वेटरच्या खिशात. सिस्टर ठेचकाळली, बाई ठेचकाळल्या, नी मी पण. येताना गाडीत त्यांचा खिसा फुगलेला. म्हणाले, "वहीत बघाल तर इथे काही झालं नाही. पडलेला एकही नाही." नी मग हसून शेंगदाणे खायला लागले. मला तेव्हा ते खुळं वाटलं. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "काका, इनको घर में कोई कुछ नहीं बोलता क्या?" बायको वारलेली, मुलं लांब, हे तिला माहीत नव्हतं. मला होतं, पण मी सांगितलं नाही.

त्याच सुमारास मी त्यांना माझी गोष्ट ऐकवली. ही गोष्ट मी आजवर किती जणांना ऐकवली असेल, मोजदाद नाही. जिन्याचा ढीग डोक्यात बसला होता, म्हणून म्हटलं ह्याला कळू दे, जिन्यावर कोण आहे ते.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ह्याच दवाखान्यात. दुपारची वेळ, बाई वर झोपलेल्या. त्या वेळची सिस्टर धावत आली, बाईंना बोलवा म्हणाली. मी म्हटलं, थांब. दुसऱ्या कोणाची लेक असती तर मी गेलो असतो. पण स्वतःच्या लेकीसाठी बाईंची झोप मोडू? लोक काय म्हणतील, नोकर आपल्या घरच्यांसाठी जिना उघडा करतो? सिस्टर परत आली, मी परत थांबवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा चेहरा बघून वर गेलो. पाव तास गेला असेल. पण नियम नियम. मुलगी वाचली, नात झाली, नी लोकांनी म्हटलं, असा माणूस पाहिला नाही.

मी छाती काढून सांगितलं. साहेब ताटलीतले शेंगदाणे लावत होते. हात थांबला. मी वाट बघत होतो, की आता विचारतील, त्या आधी काय झालं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी काहीच विचारलं नाही. बसची वेळ व्हायच्या आधीच उठून गेले.

नात आता खातेगांवला असते, शाळेत शिकवते. हुशार आहे, हसरी आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, कोपरातही पूर्ण उघडत नाही. जन्मतःच नस कमजोर आहे, असं आम्ही सगळे म्हणत आलो. ती एका हातानं वेणी घालते, रिबीन दातात धरून. बघणाऱ्याला नवल वाटतं, आम्हाला सवय आहे.

दिवाळीनंतर साहेबांनी बाईंना एक घंटी लावायला सांगितलं. लेबर रूममध्ये बटण, वर बाईंच्या दाराशी घंटी. शाळेत असते तशी, लोखंडी वाटीवर टोला पडणारी. सिस्टरला वाटलं की बटण दाबायचं. कोणाला विचारायचं नाही, मलाही नाही. नी दर मंगळवारी रबरी बाहुलीवर तालीम. सिस्टर ओरडणार "खांदा", की एकीनं बाळंतिणीचे गुडघे पोटाकडे वर धरायचे, एकीनं ओटीपोटावर दाबायचं, एकीनं घंटी. मला म्हणाले, दादासाहेब, तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही दारात उभं राहून मिनिटं मोजा. मी म्हटलं, मी स्टूल सोडणार नाही. पंधरा-वीस दिवस बोललो नाही त्यांच्याशी. ते मात्र यायचे त्या दिवशी "दादासाहेब, नमस्कार" म्हणून बाकावर बसायचे.

एका शुक्रवारी बाईंना ताप होता. पहाटेपासून दोन बाळंतपणं झाली होती. दोन वाजता वर जाताना त्या कठड्याला धरून चढल्या. मला वाईट वाटलं. मी हळूच वर गेलो नी माझा गमछा काढून घंटीच्या वाटीला गुंडाळला, घट्ट, दोन गाठी मारून. ताप होता हे खरं. पण ताप नसता तर मी ते कधीच केलं नसतं, असं मी म्हणणार नाही. बाईंनी 'तुम्ही ठरवा' म्हटलं होतं, नी मी ठरवत होतो.

तीनच्या सुमाराला आत एक पहिलटकरीण होती. अजून अवकाश आहे, असं सिस्टर म्हणाली होती, पण त्या बाईचं एकदम झपाट्यानं पुढे गेलं. साहेब बाकावर ताट मांडून बसलेले. आतून सिस्टरचा आवाज आला, "खांदा." तालमीसारखाच, पण तालमीचा नव्हे. मग काही नाही. तिनं बटण दाबलं होतं नी तिला वाटत होतं, वर ऐकू गेलं, बाई येतायत. वर गमछ्याच्या आत टोला नुसता थरथरत होता. साहेबांनी मान वर केली. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते काही बोलायच्या आत मी उठलो होतो. ह्या वयात मी दोन-दोन पायऱ्या कधी चढलो नव्हतो. दार ठोठावलं नाही, ढकललं. बाई अनवाणी धावत खाली गेल्या.

मी मागोमाग उतरलो नी लेबर रूमच्या दारात उभा राहिलो. नी मला कळलं, की मी मोठ्यानं मिनिटं मोजतोय.

बाळ रडलं. आधी नाही, थोड्या वेळानं, बारीक. मग चांगलं. सिस्टर घाम पुसत बाहेर आली, तर साहेबांनी मुलगा का मुलगी हेही विचारलं नाही. विचारलं, "दोनों हाथ हिलाए उसने?"

सिस्टर म्हणाली, "हिलाए साब. दोनों." तेव्हा हा माणूस बाकावर बसला नी स्वेटरनं डोळे पुसले.

मी म्हटलं, "हातांचं का विचारलंत?"

त्यांनी मला खाली बसवलं. मंगळवारच्या तालमीत ते सगळं सांगितलेलं होतं, पण मी स्टुलावर पाठ करून बसलेला. म्हणाले, खांदा अडकला की वेळ कमी असतो. बाळंतपण करणारी एकटी असली, वर कोणी येईना, की ती घाबरते नी डोकं धरून ओढते. मान ताणली जाते, मानेतली नस ताणली जाते, नी मग तो हात वर जात नाही. फायलींत असे हात फार आहेत. म्हणून सोयाबीन.

माझ्या मनात फक्त एवढंच येत होतं, की ह्या माणसाला माझी गोष्ट ऐकल्यापासून हे माहीत होतं. खातेगांवच्या नातीचं, तिच्या वेणीचं, सगळं मीच गप्पांत सांगितलेलं. नी हा चार महिने दर खेपेला मला नमस्कार घालून बाकावर बसत होता.

गमछा मी स्वतः काढला. संध्याकाळी बाईंना सांगितलं, तोंडावर. मला वाटलं होतं, काढून टाकतील. बाई उठून बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही ठरवा हे मी म्हटलं होतं. डॉक्टर मी आहे, नी ठरवायला तुम्हाला बसवलं." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल त्यांच्याच उशाशी.

मंगळवारी साहेब आले. ताट माझ्यापुढे ठेवलं नी सोयाबीनची डबी उघडून धरली. "दाणा ठेवा," म्हणाले.

मी म्हटलं, "कसला दाणा? बाळ चांगलं आहे. केस कोणी केली नाही. दावा नाही."

"माझ्याकडचे दाणे फक्त रडून कोर्टात गेलेल्यांचे आहेत, दादासाहेब. जे नशीब म्हणून गप्प घरी गेले, नी जे थोडक्यात वाचले, त्यांचे दाणे माझ्या कुठल्याच फायलीत नाहीत. ते तुमच्याकडे आहेत."

मला मांडूची ती पायरी आठवली. बोटभर उंच.

मी एक सोयाबीन उचलला नी जिन्यावर ठेवला. शुक्रवारचा. मग मला वाटलं, गेल्या वर्षी ती बाई होती, जिला नंतर रक्त चढवावं लागलं. सिस्टर दोनदा जिन्याशी आली होती. एक गहू. त्याच्या आधी ती शिक्षकाची बायको. चणा. त्या आधी काय झालं? मीच मला विचारायला लागलो. बाहेरच्या बायकांसाठी मी जातो, असं मी म्हणत आलो होतो. पण तिथेही आधी दोनदा थांब म्हणायचो, नी तिसऱ्यांदा उठायचो. हात थांबेना. चाळीस वर्षांचं मला सगळं आठवत होतं, दुपार न् दुपार, कोणती सिस्टर आली, तिला मी काय म्हटलं. कोणाच्या वहीत नाही, कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. साहेब डब्या उघडून देत होते नी मी ठेवत होतो. त्यांनी एकदाही मान हलवली नाही, की च्च केलं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर ते पोह्यांचं बघणं होतं, काय-काय आहे.

शेवटी एक सोयाबीन हातात धरून मी बराच वेळ बसलो. त्यांनी घाई केली नाही. चहा आला, बशीत निवला. मग मी तो ठेवला. जिन्यावर.

साहेब नेहमी जाताना घराघरातले दाणे पुड्यांत बांधून न्यायचे, नी आले की परत मांडायचे. त्या दिवशी ताट तसंच ठेवून गेले.

रविवारी मी खातेगांवची बस धरली. आधी नातीला सांगायचं, मग मुलीला, असं ठरवलं होतं. नात अंगणात वेणी घालत होती, रिबीन दातात. तिला सहावा महिना लागला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिला ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती, नियमाची गोष्ट म्हणून. मी फक्त त्यातला हात तिला सांगितला. तिनं वेणी पूर्ण केली. तिला मधून थांबता येत नाही, सुटते. रिबीन बांधली. म्हणाली, आजोबा, चहा घ्या. चहा घेताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मीही नाही. मी पाया पडू का, असं मनात आलं होतं, पण तेवढा मी वाकलो नाही. खोटं कशाला लिहू?

बसस्टँडवर ती सोडायला आली. गाडी सुटायच्या वेळेला खिडकीशी येऊन म्हणाली, "आजोबा, माझी तारीख होळीच्या आसपासची आहे. इंदूरचं ठरवलं होतं. घंटी तोवर नीट ठेवा."

विमा राहिला. साहेबांचं वर्ष संपलं नी ते यायचे थांबले. जाताना डबा माझ्यापाशी ठेवून गेले. आता रोज पाळी बदलताना सिस्टर नी मी बाकावर पाच मिनिटं बसतो, नी काही थोडक्यात निभावलं असेल तर त्याचा दाणा ठेवतो. बाईंनीही स्वतःचे दोन ठेवलेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला धारहून फोन येतो. नमस्कार-चमत्कार झाला, की एकच प्रश्न, "दाणे किती?" मी म्हटलं तीन, की खूश. एकदा मी ऐटीत सांगितलं, एकही नाही. तर पलीकडून बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दादासाहेब, एकही नाही म्हणजे कोणीतरी काही तरी गुंडाळून ठेवलंय. मी उद्याच्या बसनं येतो." नी खरंच आले, स्वेटर घालून. आधी पोहे खाल्ले, ओळी लावून.

स्टूल मी सोडलेलं नाही. ते माझं आहे. पण आता ते जिन्यापासून चार हात बाजूला, लेबर रूमच्या दाराशी आहे, जिथून मिनिटं मोजता येतात. होळी अजून यायची आहे, नी रोज सकाळी सातला मी आत जाऊन बटण दाबतो. वरून बाई म्हणतात, "वाजली, दादा."

मी परत एकदा दाबतो.